बंद मशीनचे दिवस

२ मार्च, सोमवार

अकरापासून दीडपर्यंत एकच पान! भूमितीचं. प्रमेय तिथेच, मीही तिथेच.

माझी परीक्षा गुरुवारपासून, घराची आजपासून. आईने शिलाई मशीनवर चादर टाकली – मेलेल्या माणसावर टाकतात तशी. "तुझे पेपर होईपर्यंत बंद." मला कुणी विचारलं नाही. बाबा कामावरून आले की चपला दाराबाहेर काढून चवड्यांवर चालतात. एवढा जाडजूड माणूस!

५ मार्च, गुरुवार

भाषेचा पेपर. लिहिलं काहीतरी.

७ मार्च, शनिवार

विज्ञान. तीन तासांचा पेपर, दीड तासात पेन खाली ठेवलं. अगदीच येत नव्हतं असं नाही – लिहावंसंच वाटेना. वर्गावरच्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या. "बरं वाटत नाही का?" म्हटलं, वाटतंय की.

घरी सांगितलं, सोपा होता. आईच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पसरलं, की मला माझीच किळस आली.

९ मार्च, सोमवार

समोरच्या काकू आल्या होत्या. आईने त्यांचं पडद्यांचं कापड परत दिलं. "पोरीची परीक्षा आहे हो. दुसरीकडे टाका." काकू म्हणाल्या, "परीक्षा तिची आणि सुट्टी तुला? मजा आहे!" आई हसली. आठवड्यात परत गेलेली ही तिसरी पिशवी. मी आत पुस्तकावर मान घालून मूग गिळून बसले.

खरं सांगायचं तर घोडं इथेच पेंड खातंय – मशीनच्या खडखडाटाशिवाय मला अभ्यास होत नाही. कधी झालाच नाही. पहिलीपासून तिच्या पायांशी बसून पाढे पाठ केलेत. एक शिवण संपली की आई पाय थांबवायची, कापड फिरवायची, तेवढ्यात मी पान उलटायची. आता घरात अशी शांतता, की नळाचे थेंब ऐकत बसते.

सांगायला काय जातं? पण मशीन सुरू होऊनही डोक्यात काही शिरलं नाही तर? मग दोष कुणाला देऊ?

११ मार्च, बुधवार

काकूंच्या खिडकीला नवे पडदे. नाक्यावरच्या शिंप्याने शिवलेत. खालची दुमड वाकडी आहे. आईनेही पाहिली. खिडकी लावून घेतली.

१२ मार्च, गुरुवार

शनिवारी गणित. सराव परीक्षेत शंभरापैकी एकोणीस मिळाले होते. गणिताच्या बाई म्हणाल्या, "यात गेलीस तर वर्ष गेलं." बाबा मात्र सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरगी दिवसभर पुस्तकातून डोकं वर काढत नाही.

ठरलं. शनिवारी वेळेवर घरातून निघायचं, शाळेत जायचं नाही. बागेत बसायचं तीन तास. डबा खायचा आणि परत. निकालापर्यंत कुणाला कळणार नाही.

हे अगदी सहज लिहून झालं. त्याचीच भीती वाटते.

१३ मार्च, शुक्रवार, दुपार

बोलले! आई भाजी निवडत होती. तिच्यासमोर बसले आणि सगळं ओकून टाकलं – विज्ञानाचा अर्धा पेपर, बाग, मशीन. वाटलं, आता थोबाडीत बसणार. ती बराच वेळ हातातली काडी मोडत राहिली. मग म्हणाली, "आधी सांगायचं नाही का, वेडाबाई."

चादर काढली. मशीनवर बसली. माझ्या खोलीचं दार तिने स्वतःच उघडं ठेवलं.

१३ मार्च, संध्याकाळ

दोन प्रकरणं झाली. अकरा गणितं सोडवली, नऊ बरोबर! मशीन चालूच होतं. मध्ये एकदाही थांबलं नाही. वाटलं, बरं झालं, आईला मोठं काम मिळालेलं दिसतंय.

पाणी प्यायला उठले. सुईखाली कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता. आई बंद खिडकीकडे बघत नुसती पायडल मारत होती.

पाय न थांबवता तिने विचारलं, "काय गं, अडलं का कुठे?"

"नाही," म्हटलं, आणि येऊन बारावं गणित घेतलं.