बिनगाठीची बाही

ती. आईस,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. माझ्या चिमीचा ताप उतरला का? खरं काय ते कळव.

मी जिची देखभाल करते ती आजी मला तिच्याकडचं, पूर्व युरोपातल्या स्लाव्ह लोकांच्या पद्धतीचं भरतकाम शिकवतेय. गळा, बाह्या, घेर, जिथे कपडा उघडा राहतो तिथे लाल फुल्या भरायच्या, म्हणजे वाईट आत शिरत नाही. तिच्यासाठी शिवलेल्या पांढऱ्या झग्यावरच शिकतेय. फुल्या अजून वाकड्यातिकड्याच येतात.

तू शिकवलंस तशी मी दोऱ्याला मागून गाठ मारली, तर तिने अख्खी बाही उसवायला लावली. मी वैतागले. तेव्हा म्हणाली, "अगं, हा झगा घालूनच मला पुरणार आहेत. गाठ राहिली तर जीव अडकून राहतो."

डॉक्टरांनी हात टेकलेत. ती गेली की मला दुसरी जागा बघावी लागेल, पण मिळेल कुठेतरी.

सोबत चिमीचा फ्रॉक पाठवतेय. मीच शिवलाय, गळ्याला तशाच लाल फुल्या आहेत. मागून मात्र गाठीच गाठी मारल्यात. तिला टोचल्या तर आतून मऊ अस्तर लाव, पण एकही गाठ कापू नकोस.

तुझी,
थोरली