आजीची गाठ आणि अमेरिकन डॉक्टरीण

४ ऑगस्ट, रविवार
आजीच्या मानेखालची गाठ लिंबाएवढी झाली आहे. आज न्हाऊ घालताना आईने पाहिली आणि मला हाक मारली. मीही पाहिली. दारातून. आजी तिच्यावर चुना लावते, वर हळद. मला जेवण गेलं नाही, पण भाजीच खारट होती.

डॉक्टरांना दाखवू म्हटलं तर आजी म्हणते, महाडला गेलं की पनवेलला धाडतात, पनवेलवरून मुंबयला, आणि मुंबयवरून माणूस आडवा येतो. आजोबांचं तसंच झालं होतं. त्यामुळे पुढे कोणी बोलत नाही.

घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. तेव्हा हे काम माझंच. मोबाइलवर वाचलं की वृद्धांशी आधी मैत्री करावी, सोबत बसून काहीतरी बघावं, मग नाजूक विषय काढावा. आजीला परदेशी मालिका दाखवायच्या. दवाखान्यातल्या. भीती आपोआप जाईल. उद्यापासून सुरू.

६ ऑगस्ट, मंगळवार
काल डोकं दुखत होतं. आज सुरू केलं.

कोरियन मालिका, हिंदीत डब केलेली. स्वच्छ हॉस्पिटल, स्वच्छ माणसं. नायक हृदयाचा डॉक्टर आहे. पूर्ण भागात त्याने एकही पेशंट तपासला नाही, एका मुलीवर छत्री धरून उभा राहिला. आजीने विचारलं, ह्याला ड्यूटी नाय काय गो? मग डोळे मिटून विचार करत बसली. घोरत होती, पण काही लोक विचार करताना घोरतात.

१० ऑगस्ट, शनिवार
प्रितमने घाण केली. भाऊ म्हणून सांगायला लाज वाटते. रिमोट दाबत दाबत एका अमेरिकन डॉक्टरणीवर येऊन थांबला. ही बाई लोकांच्या अंगावरच्या गाठी फोडते. कॅमेरा जवळ नेऊन. आतून काय निघतं ते मी लिहिणार नाही.

श्रीखंड. बस.

आजी ताठ बसली. हातात भाकरी आणि सुकट, नजर टीव्हीवर. म्हणाली, अजून हाय आत, दाब गो बाय. आणि घास घेतला. वरच्या वाडीची भागूबाई दूध घालायला आली होती, ती उंबऱ्यातच बसली. आमच्या म्हशीच्या कासेतून असंच आलं होतं, म्हणाली. रंगही सांगितला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

किळसवाणा प्रकार. पण शांतपणे विचार केला तर उपयोगाचा. गाठ काढणं साधी गोष्ट आहे हे आजीला रोज दिसेल. मी शेजारी बसेन. मी मनाने खंबीर आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार
डोळे मिटून बसले. आवाज जास्त घाणेरडा आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार
युक्ती सापडली. टीव्हीच्या वर कॅलेंडर आहे. नजर त्याच्यावर ठेवायची. आजीला वाटतं मी टीव्ही बघते. मधूनमधून 'अरे वा' म्हणायचं. आज म्हटलं तेव्हा पेशंट रडत होता. प्रितम माझ्याकडे बघत राहिला.

श्रीखंड बंद केलं. दही बंद. भरलं वांगं बंद. मऊ भात बंद. आई विचारते, मग खाणार काय, खडे? आईला माझा त्याग कळत नाही.

आजी मात्र खुलली आहे. मी ऑफिसातून येईपर्यंत टीव्ही लावू देत नाही. माझी जागा धरून ठेवते. सुरू झालं की माझा हात हातात घेते. हल्ली चष्मासुद्धा काढून ठेवते, इतकी रंगते. मैत्री पक्की. पुढच्या रविवारी विषय काढायचा.

२५ ऑगस्ट, रविवार
विषय काढला. आजी लगेच तयार. म्हणाली, काढूया गाठ, किती दिवस वागवू. मी प्रितमला ऐकू जाईल असं म्हटलं की शिक्षणाचा उपयोग असा असतो. मग आजीला विचारलं, महाडला कधी जाऊया?

आजी म्हणाली, जायाचं कशाला? तूच काढ. शिकलेली हायस. रोज बघतेस. डोळा पण हलत नाय तुझा.

मी सांगितलं, माझी डिग्री कॉमर्सची आहे. दूध घालायला आलेली भागूबाई म्हणाली, असूं दे, दाबायचाच तर हाय. तोवर तिने पाणी गरम केलं होतं. नवीन ब्लेड, आजोबांच्या धोतराचा धुतलेला तुकडा, सगळं पाटावर मांडलं. स्वतः मोबाइलची बॅटरी धरून उभी. आई माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. आई म्हणाली, ब्लेड नको, नुसतं दाबून तर बघ.

आजीने पदर सरकवला. मी बोट लावलं, फक्त समजावून सांगण्यासाठी. गाठ मऊ होती. बोटाखालून सरकली.

पुढचं आठवत नाही. उपवास घडला होता. मी उपवास करत नाही, पण दही-भात बंद म्हणजे एक प्रकारे तेच.

२६ ऑगस्ट, सोमवार
कपाळाला टेंगूळ. आजी सकाळी म्हणाली, चल, महाडच्या डॉक्टरला दाखवू. माझ्या बोलण्याचा परिणाम उशिरा होतो, पण होतो.

५ सप्टेंबर, गुरुवार
आजीचं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम. डॉक्टर म्हणाले, एक नातेवाईक आत थांबला तरी चालेल. मी दार सांभाळलं. दारही महत्त्वाचं असतं.

मग सिस्टरने बाटली हातात दिली. आत ती. तपासायला पाठवायची म्हणाली, कॅन्सर नाही ना ते बघायला. हा शब्द ती इतक्या सहज बोलली की मला बाटली दोन्ही हातांनी धरावी लागली. लॅब बंद झालेली. उद्या आणा म्हणाले.

गणपतीला निघालेल्या मुंबईकरांनी हायवे भरलेला. एसटी हलेना. बाटली माझ्या मांडीवर, चार पिशव्यांत. आजीने पिशव्या सोडल्या आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली. शेजारच्या काकांनी विचारलं, लोणचं काय? आजीने खरं ते सांगितलं. काका पोलादपूरपर्यंत उभे राहिले.

बाटली आता टीव्हीशेजारी आहे, प्रितमच्या कबड्डीच्या कपाजवळ. आजीला झोप लागली आहे. मी बाटलीकडे बघते आहे. कॅलेंडरकडे नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
रिपोर्ट आला. साधी गाठ. काही नाही. मी सिस्टरच्या टेबलापाशी रडले. धुळीची ॲलर्जी आहे.

टाके काढताना सिस्टरने आजीला विचारलं, भीती नाही वाटली, आजी? मी पडद्याबाहेर होते. वाटलं, आता माझं नाव घेईल. घेतलंच.

आजी म्हणाली, वाटली तर. पण ही दीपी पडली तेव्हा म्हटलं, गाठ राहिली तर पोर खंगेल. जेवत पण नव्हती. रोज ते घाणेरडं बघायला बसायची, हात गार पडायचे तिचे, म्हणून मी धरून बसायची. मना पयल्या दिवशी गंमत वाटली, मग शिसारी आली. चष्मा काढून बसायची मी. पण पोर जवळ येऊन बसते, नाय कशाला म्हणू?

सिस्टर खूप हसली. प्रितमला फोनवर सांगताना मी हा भाग गाळला.

१५ सप्टेंबर, रविवार
आजीला विचारलं, आता कुठली मालिका बघूया? म्हणाली, टीव्ही राहू दे, नुसती बस. बसले. दहीभात खाल्ला.

तेवढ्यात भागूबाई आली. दुधाची किटली ठेवली आणि टाच माझ्यापुढे केली. टाचेला काहीतरी झालंय. पिवळं आहे. आजीनेच तिला बोलावलं होतं. म्हणाली, दीपीला दाखव. ती पडली तर दवाखान्यात जा. नाय पडली तर घरीच चुना लाव.

मी हे मोरीत बसून लिहिते आहे. आतून कडी लावली आहे. बाहेरून भागूबाई विचारते, पडली काय गो?