सातव्या रविवारचं सूप

फॉल रिव्हर,
२२ एप्रिल १९६८

चि. ओलिव्हिओ यास आजीचे आशीर्वाद, वि. वि.

तुला एक आजी आहे हे इस्टरला तुझ्या लक्षात राहिलं नाही, नाताळात तर नव्हतंच. नगरपालिकेला तक्रार लिहिताना मात्र माझं नाव, घराचा नंबर, माझा खोकला, सगळं झरझर आठवलं. हार्टफर्डच्या विमा कचेरीत बसलं की माणसाचं डोकं असं सोयीनं चालतं का रे?

गेल्या आठवड्यात नगरपालिकेचा साहेब आला. माझ्या पायरीवर उभा राहून त्याने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, की देओलिंडाबाईंच्या तक्रारीवरून रंगाचा कारखाना नवी धुरांडी बसेपर्यंत बंद. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पायऱ्यांवर शेगडीची राख ओतली. मासळीवाला माझं दार आलं की गाडी जोरात हाकतो. हे पत्र शेजारची इदालीना लिहितेय. तिचा नवरा ग्वाल्तेर त्याच कारखान्यात रंगाच्या टाक्यांवर होता. आता तो दिवसभर खिडकीत बसून माझ्या दाराकडे बघतो, जसं काही मी चोरी करून पळणार आहे.

(बघतो हे खरं आहे. का, ते आजींना माहीत आहे. — इदालीना)

बघितलंस? लिहिता लिहिता चावते.

त्यात इस्टरनंतर सात आठवडे सात घरं फिरणारा पवित्र आत्म्याचा मुकुट यंदा शेवटच्या आठवड्याला माझ्या घरी बसणार. माझ्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा टाळ्या तूच वाजवल्या होत्यास, तेही विसरलास. सातव्या रविवारी सगळ्या गल्लीने माझ्या हातचं सूप खायचं. तुझे आजोबा होते तोवर आमची चिठ्ठी कधी निघाली नाही, आणि आता या वयात पुन्हा निघायची नाही. कुणी आलंच नाही तर रिकाम्या बाकांसमोर मुकुट घेऊन बसू? तू ये, आणि सगळ्यांसमोर सांग की हा उपद्व्याप तुझा आहे.

लोभ आहे, पण सध्या थोडाच उरलाय.

देओलिंडा


हार्टफर्ड,
१ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे पत्र इदालीनाबाईच वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांना नमस्कार.

मी येणार नाही, तक्रारही मागे घेणार नाही. मी तिथे राहत नाही, त्यामुळे माझं नाव चाललं नसतं. ग्वाल्तेरचं घातलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. तुला कामावरून कुणी काढू शकत नाही, म्हणून तुझं घातलं. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

लहानपणी आपल्या अंगणातला बर्फ कधी निळा व्हायचा, कधी गुलाबी. मला गंमत वाटायची. आजोबा शेवटी शेवटी रुमालात खोकायचे त्यातही तेच रंग असायचे, हे तू माझ्यापासून लपवलंस, पण धुवायचे रुमाल मीच गोळा करायचो. गल्लीला रागच करायचा तर मालकाचा करावा. तो टेकडीवर राहतो, तिथे बर्फ पांढरा पडतो. तिथवर चढून जायची कुणाची हिंमत नाही, म्हणून राख तुझ्या पायरीवर.

सुपाला येत नसतील तर न येवोत. घर विक आणि माझ्याकडे ये.

तुझ्या थोड्या लोभावरही भागवणारा,
ओलिव्हिओ


फॉल रिव्हर,
४ जून

चि. ओलिव्हिओस आशीर्वाद.

अक्षर बदललेलं दिसेल. तुझं पत्र वाचून झाल्यावर इदालीनाने पेनाला टोपण लावलं आणि उठून गेली. हे चर्चमधल्या सिस्टर बेनिल्दे लिहितायत. तुझ्यासाठी मी वापरलेले दोन शब्द लिहायला त्यांनी नकार दिला, ते तू आपल्या मनाने घाल.

घर विक म्हणतोस. तुझ्याकडे भिंतीपलीकडून कुणाचा आवाज येत नाही. मी भांडायचं कुणाशी?

मुकुट आला. सुपाच्या आधी मांस, पाव आणि वाइनचा वाटा घरोघर जातो. तो मुकुटाचा वाटा, त्याला नाही म्हणणारा आपल्यात अजून जन्मलेला नाही, आणि वाटा घेतला की सुपाला यावंच लागतं. एरवी तो पोरं नेऊन देतात. यंदा मीच टोपली उचलली. दार उघडायचं, हात बाहेर यायचा, दार लागायचं. ग्वाल्तेरने माझ्या तोंडावर लावलं, पण हळू लावलं. हातात मुकुटाचं मांस होतं ना.

आले सगळे. असा रविवार मी जन्मात पाहिला नाही. नुसते चमचे वाजतायत. मीठ हवं तर बोट दाखवायचं. फादरांनी बिचाऱ्यांनी हवेचा विषय काढला, तर मागून कुणीतरी म्हणालं की हवा छानच आहे, देओलिंडाबाईंची कृपा.

तुझं नाव सांगून मोकळं व्हायचं असं मी ठरवलं होतं. उभी राहिले, टेबलावर हात टेकला. हाताखाली ते मोठं पांढरं कापड. एरवी मी ते स्वयंपाकघरात वाळवते. यंदा बाहेर दोरीवर घातलं होतं, आणि त्यावर रंगाचा एक ठिपका नव्हता. समोर ग्वाल्तेर वाफाळतं सूप पीत होता. त्याचा खोकला मला भिंतीतून पाठ आहे. तो एकदाही खोकला नाही. इदालीनाही त्याच्याकडेच बघत होती. आमची नजर भेटली तशी तिने मान खाली घातली.

मी म्हणाले, "तक्रारीवर नाव माझं आहे आणि तक्रारही माझीच आहे. कारखाना होता तसाच उघडला तर पुन्हा करीन."

अर्धी माणसं उठली. पाव संपवून उठली, पण उठली. ग्वाल्तेर म्हणाला की म्हातारीने आधी आमच्या तोंडचा घास काढला, आता वरून सूप पाजतेय. खोटं काही बोलला नाही. मी विचारलं, आणखी वाढू का. तो गेला. इदालीना राहिली. तिने सगळी पातेली घासली, एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तीही गेली.

मालक धुरांडी बसवणार असं कुणी म्हणतं, कारखाना दक्षिणेकडे नेणार असं कुणी म्हणतं. पाप दोन्हीकडून माझ्याच माथी. राख अजून पडते, मी झाडते. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. माझं नाव तू न विचारता नेलं होतंस, ते मी परत आणलंय एवढंच.

लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा इस्टरपर्यंत टिकव.

देओलिंडा

ता. क. मासळीवाला थांबत नाही, तेव्हा खारवलेला कॉड तूच पाठव. अर्धा मी इदालीनाच्या दाराला टांगणार आहे. तिने फेकला की शिजवला ते मला वासावरून कळेल, सध्या गल्लीत दुसरा वास नाही. तेव्हा मोठा पाठव, मधला जाड भाग. शेपटी नको.