न वाढलेलं भाडं

आई, कर्जतचं आपलं घर पाडलं. काल जाऊन बघून आले. मोकळ्या जागेसमोर उभी असताना तू आठवलीस, वकिलाच्या बाकावर पदर सावरून बसलेली.

बाबा गेल्यावर मागच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर आपलं चालायचं, आणि ते भाडं कायद्यानं कित्येक वर्षं आहे तिथंच होतं. आपल्या बाजूचं छप्पर गळायचं. वकील म्हणाले, "बाई, कौलं फिरवली, भिंत लिंपली, म्हणून भाडं वाढवता येत नाही. ती डागडुजी, मालकानंच करायची. खोल्यांत काही नवी सोय केलीत, तर वाढ मागता येईल. पण भाडेकरूची संमती पाहिजे."

घरी येऊन तू थेट भाडेकरूंच्या दाराशी उभी राहतेस. "भावजी, मोरी बांधते, नळ आत आनते. मग थोडं वाढवून द्याल ना?" ते हसतात. "बांधा की वहिनी. आमी काय नाय म्हनतोय?" तू पाटल्या मोडल्यास. छपरासाठी बाजूला ठेवलेलंही त्यातच घातलंस. त्यांच्या मोरीला गुळगुळीत फरशी बसली, आणि आपल्या चुलीवर पाणी टपकत राहिलं.

काम पुरं झाल्यावर ते म्हणाले, "मी लिवून कुठं दिलंय?" बोलताना आवाजसुद्धा चढवला नाही. मग दावा, तारखांमागून तारखा. निकाल आपल्या विरुद्ध गेला; संमती लेखी हवी होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर वकील पुटपुटले, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." तू म्हणालीस, "मला तरी कुठं लिवता येतंय, सायेब."

त्या पावसाळ्यात तुझं अंथरूण या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवत होते मी. कोरडी जागाच उरली नव्हती. खोकला छातीत उतरला. भाडेकरूंची बायको रोज पेज घेऊन यायची, मान खाली घालून. "बस गं," तू म्हणायचीस. ती कधी बसली नाही. भातकापणीच्या आधीच तू गेलीस.

आता तुझ्यापेक्षा माझं वय जास्त आहे. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. कुणी विचारलं, तर मी म्हणते, आई म्हातारी होऊन गेली.