मालमत्तेत न मोडणारे तिकीट

मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, बेसिने व कमोड बनवणाऱ्या कारखान्यातील घासणी विभागातून निवृत्त, राहणार कारखान्यामागच्या वसाहतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अशा कागदावर शरीर व मन दोन्ही धडधाकट असल्याचे लिहिण्याची रीत आहे. शरीराबद्दल तसे लिहिले तर पहिल्याच ओळीत खोटी पडेन, म्हणून लिहीत नाही. मन जागेवर आहे. डॉक्टरांनी ते पाहून खाली तसे लिहून द्यायचे कबूल केले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला आलेले येऊन गेले, त्यांचा उल्लेख पुढे आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, मागची मोरी व पुढचा कट्टा माझ्या एकटीच्या नावावर आहे. हे सर्व माझ्या मुलाला. वकीलबाई म्हणाल्या, "कलम सहातलं त्याच्याकडून करून घ्यायचं असेल तर घरालाच अट लावा. तोच लगाम आहे." मी नको म्हटले. काहीतरी हातात ठेवायचे आणि त्याच्या जोरावर माणसाला गप्प करायचे, ही कारखान्याची पद्धत झाली. ती मी घरात आणणार नाही. म्हणून घर विनाअट.

कलम २. बँकेतली शिल्लक. ही सुनेला, तिच्या एकटीच्या नावाने. ती मला टाकून बोलते हे साऱ्या वसाहतीला ठाऊक आहे. पण माझ्या प्राणवायूच्या यंत्रातले पाणी रोज तीच बदलते. गोड बोलणाऱ्यांपैकी कोणी त्या बाटलीला हात लावलेला मी पाहिला नाही. हे पैसे तिने घरात घालू नयेत. तिला दात बसवून घ्यायचे आहेत, ते बसवावेत.

कलम ३. शिवणयंत्र. हे माझ्या धाकट्या जावेकडे आहे. आठ दिवसांसाठी म्हणून नेले त्याला आता केस पांढरे झाले. ते तिलाच राहू द्यावे. फक्त माझ्या माघारी 'ते वहिनींनी मला प्रेमाने दिलं होतं' असे तिने कोणाला सांगू नये. दिले नव्हते.

कलम ४. हत्यारे. पत्र्याच्या डब्यात माझी घासणीची पाती, लाकडी ठोकळा व उरलेला घासकागद आहे. साच्यातून निघालेले कच्चे भांडे वाळले की पातीने त्याचे सांधे काढायचे आणि कागदाने ते गालासारखे गुळगुळीत करायचे, हे काम मी लग्नाच्या आदल्या वर्षापासून निवृत्तीपर्यंत केले. जगाला बसायची सोय केली आणि स्वतः दिवसभर उभी राहिले. हा डबा कोणालाही देऊ नये. टाकण्याआधी त्यात पाणी ओतावे. कोरडा झटकू नये.

कलम ५. फुटबॉलचे सीझन तिकीट. याविषयी जास्त लिहावे लागेल. मुलगा म्हणतो, "एका तिकिटावर एवढं काय लिहायचं?" त्याला सगळे एकदा सलग सांगावे असे फार दिवस मनात होते. तोंडाने सांगायला घेतले की दम संपतो, लिहिताना थांबता येते.

आमच्या मालकांनी गावाचा क्लब विकत घेतला तेव्हा संघ तळाला होता आणि स्टेडियम रिकामे. रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून त्यांनी प्रत्येक विभागाला फुकट तिकिटे वाटली. घासणीला सहा मिळाली, सर्वात वरच्या रांगेत, छपराला टेकून. पुरुष विभागांनी आपली तिकिटे विकली, कोणी पानटपरीवर पैजेत हरली. आम्ही सहा बायकांनी ठेवली. फुटबॉल आम्हाला कळत नव्हता. पण घरी बसले की कोणीतरी काहीतरी मागते, आणि कामावर बसायची मुभा नाही. तिथे आम्हाला बसायचे तिकीट दिले होते. दीड-दोन तास कोणी 'जरा ऊठ' म्हणणार नाही अशी ती आमच्या माहितीतली एकच जागा होती. माझे यजमान भट्टीवर होते. मॅचच्या दिवशी ते घर सांभाळत, आमटीभाजी करपवत, आणि वर 'निकाल काय लागला' म्हणून विचारत.

हळूहळू कळायला लागले. मग आवडायला लागले. बाहेरचे लोक आमच्या संघाला 'संडासवाले' म्हणून ओरडत. आम्हाला त्याचा राग येत नसे. खोटे काय होते त्यात.

आमच्या सहांतली एक दोन बोटे तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की खाली पंच वळून बघत. तिचे नावच शिट्टी पडले. मुकादमसुद्धा हजेरीला शिट्टी म्हणायचा. एका हंगामात आमचा गोल झाला, तिने बोटे तोंडात घातली आणि नुसती हवा निघाली. आम्ही हसलो. पुढच्या मॅचला तेच. तेव्हा कोणी हसले नाही. ती म्हणाली, "फुगा फुटलाय गं आतला."

कारखान्याच्या डॉक्टरांनी दमा लिहिला. शहरातल्या डॉक्टरांनी सिलिकोसिस लिहिला, म्हणजे धुळीने छाती आतून दगड होत जाते तो रोग. शिट्टी कोर्टात गेली. पुढच्या हंगामात पाच तिकिटे आली. सहावे का नाही, असे विचारल्यावर कामगार अधिकारी म्हणाले, "तिकीट ही मालकांची मेहेरबानी आहे. कोर्टात खेचणाऱ्यावर कोण मेहेरबानी करील?" त्यांनी आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही. ज्याला समजायचे त्याला समजले. आम्हा पाचजणींना समजले.

शिट्टी तरीही मॅचला येत असे. जिन्याखालच्या जाळीबाहेर स्टूल टाकून बसे आणि आवाजावरून ओळखे, हा आपला गोल, हा त्यांचा. मध्यंतरात आमच्यातली एक खाली उतरून जाळीतून तिला हकीकत सांगे. मी एकदा म्हटले, "मीही तिकीट सोडते." ती म्हणाली, "सोडून कुठे बसशील? माझ्या शेजारी? एकच स्टूल आहे." नंतर म्हणाली, "तू वर बस. नीट बघ आणि नीट सांग. मागच्या वेळी सांगायला खाली आलेलीने ऑफसाइडचा गोलही मोजला." एका रविवारी स्टूल दिसले नाही. माझ्या हातात तिच्यासाठी आणलेले शेंगदाणे होते, ते मी वर नेऊन रांगेत वाटले. ती शुक्रवारीच गेली होती. आम्हाला कोणी कळवले नव्हते.

त्यानंतर आमची रांग विरळ होत गेली. तिघी तिच्यासारख्याच गेल्या आणि तिघींच्याही कागदावर दमा आहे. चौथीला लेकाने परगावी नेले, ती अंथरुणावर आहे. त्यांच्या खुर्च्यांवर नवी मुले आली, भली मुले, मला जिन्यात हात देणारी. पण गोल झाला की ती एकमेकांकडे न बघता हातातल्या फोनकडे बघतात. गेल्या हंगामात मी प्रत्येक वळणावर थांबत वर जाई. वर पोचेपर्यंत खेळ अर्ध्यावर आलेला असे, आणि बसल्यावर पुष्कळ वेळ मला मैदान दिसतच नसे, नुसता श्वास दिसे. सूनबाई म्हणाली, "एवढा जीव काढून काय बघता? टीव्हीवर दाखवतात." तिचे चूक नव्हते. तिकीट परवडते का, असा प्रश्न फुकटाच्या तिकिटालाही पडतो, हे मला तेव्हा कळले.

या वर्षी कामगार अधिकारी स्वतः घरी आले. यंत्राचा आवाज ऐकून दारातच थबकले. मग आत येऊन तिकीट टेबलावर ठेवले.

"आजी, या वेळी खालची जागा दिली आहे. लिफ्टजवळ. गादीची खुर्ची, मालकांच्या कक्षाच्या अगदी बाजूला."

"का बरं?"

"तुम्ही जुन्या. घासणीतल्या शेवटच्या." नंतर म्हणाले, "त्या शिट्टीबाईंची मुलगी आईची केस पुढे चालवते आहे म्हणे. तुमच्याकडे येऊन गेली?"

"येऊन गेली."

"तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता? मुलगा आपल्याकडेच आहे, माल रवाना करतो. चांगला कामगार आहे."

मुलगा तेव्हा दारातच उभा होता. तो पायाकडे बघत राहिला. त्या बघण्यात त्याचा काही दोष नाही. त्याला दोन लेकरे आहेत.

तिकीट टेबलावर पडून राहिले. मी ते लगेच परत करायला हवे होते असे कोणाला वाटेल, पण मी देव नव्हे. मी पहिल्या मॅचला गेले. गादीच्या खुर्चीवर प्राणवायूचे छोटे सिलिंडर शेजारी ठेवून बसले. इतक्या वर्षांत खेळाडूंचे चेहरे पहिल्यांदा दिसले. पोरेच होती, एकाच्या गुडघ्यावर पट्टी. मालक वळून हसले आणि त्यांनी हात हलवला. मीही हलवला, सवयीने. आमचा संघ तीन गोलांनी हरला. चांगल्या जागेवरून हरणे जास्त स्पष्ट दिसते एवढाच फरक. मध्यंतरात उठून कोणाला काही सांगायला जायचे नव्हते. तेव्हा मला वाटले, आता पुरे.

दुसऱ्या दिवशी सूनबाईला टॅक्सी बोलवायला सांगितली. स्टेडियमच्या तिकीट खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आजी, एकदा रद्द केलं की परत मिळणार नाही हं." मी म्हटले, "लिहून दे, मिळणार नाही म्हणून." तिने शिक्का मारला. तिथून आम्ही शिट्टीच्या मुलीच्या वकिलाकडे गेलो आणि मी धूळ, टेबल, मुकादम, तोंडाला बांधायला न मिळालेली फडकी, सगळे सांगितले. सूनबाई बाहेर बसते म्हणाली होती. ती आतच बसली.

हे कलम मी मुळात त्या तिकिटाची विल्हेवाट लावण्यासाठी घातले होते. वकीलबाई म्हणाल्या, "ते परत केलं नसतं तरी मृत्युपत्रात येत नाही. सीझन तिकीट ही मालमत्ता नव्हे, नुसती बसायची परवानगी." म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही पाच बायका इतकी वर्षे गप्प बसलो, ते कायद्याच्या लेखी काहीच नव्हते. तरीही हे कलम मी खोडत नाही.

कलम ६. माझी छाती. कारखान्याचे कोर्टात म्हणणे असे की घासणीत हा रोग कधी कोणाला झालाच नाही, जे झाले ते दमा आणि वय. एक्स-रे दाखवला तर ते दुसरा डॉक्टर आणून क्षय म्हणतात. शहरातले डॉक्टर मला म्हणाले, "एक्स-रेवर वाद घालता येतो. फुफ्फुसाचा तुकडा काचेखाली ठेवला की वाद संपतो. पण तो जिवंतपणी तुमच्या छातीतून काढणं आता शक्य नाही." म्हणून मी लिहून ठेवते की मी गेल्यावर माझी छाती उघडून तपासावी, आणि त्याचा अहवाल शिट्टीच्या मुलीला द्यावा. घासणीच्या त्याच टेबलापाशी आजही बायका उभ्या आहेत. त्यांतली सर्वात लहान माझ्या नातीपेक्षा फार मोठी नाही.

माझ्या एकटीच्या लिहिण्याने हे होत नाही. जवळच्या नातलगाची सही लागते, म्हणजे मुलाची. त्याला मी हे सांगितले तेव्हा तो जेवत होता. त्याने ताट सारले.

"मेल्यावर तुला कापायचं?"

"तुझ्या जन्माच्या वेळी कापलंच होतं मला. तेव्हा सही तुझ्या बापाने केली होती."

"चेष्टा करू नकोस, आई. मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावतील."

"बोलावतील."

"आणि काढून टाकतील."

"टाकतील कदाचित."

"मग?"

घर विनाअट त्याचे आहे, एवढेच मला सांगता आले. तो उठून बाहेर गेला आणि चार दिवस ताट घेऊन कट्ट्यावर जेवला. यंत्राची वायर मात्र रोज जाता-येता नीट करून जात होता. त्याने अजून हो म्हटलेले नाही. नाही म्हणाला तरी कलम १ बदलणार नाही, हे मी पुन्हा स्पष्ट लिहिते, आणि त्याच्यावर कोणी बोट दाखवू नये असेही लिहिते.

कलम ७. कारखान्याचे डॉक्टर. ते निवृत्त होऊन इथेच बागकाम करतात. रोज सकाळी आमच्या कट्ट्यासमोरून जाताना 'काय आजी, दमा कसा आहे' म्हणून विचारतात. त्यांना माझ्या मृत्यूची बातमी कोणीतरी घरी जाऊन द्यावी आणि अहवालाची एक प्रत पोचवावी. त्यांच्याशी वाद घालू नये. प्रत द्यावी व यावे.

कलम ८. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सूनबाईने करावी. तिला कोणी हटकले तर ती काय बोलेल याची मला खात्री आहे. म्हणूनच तिला नेमले.

वरील सर्व मी स्वखुशीने, समजून-उमजून लिहिले. अक्षर शेवटी वाकडे झाले आहे, ते माझेच आहे.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर

मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार १ : शेजारी, घड्याळे दुरुस्त करणारे. आमच्यासमक्ष सही झाली. (सही)

साक्षीदार २ : स्टेडियमच्या वरच्या रांगेचा जुना दारवान, आता निवृत्त. आमच्यासमक्ष सही झाली. (सही)

डॉक्टरांचा दाखला : मी आज यांना तपासले. स्मृती व समज उत्तम आहे. मृत्युपत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. वाचन मध्ये तीन वेळा त्यांच्या श्वासासाठी थांबवावे लागले. तिन्ही वेळा पुढची ओळ कोणती ते त्यांनीच सांगितले. (सही)

साक्षीदारांच्या खाली, वेगळ्या पेनाने :

मी मुलगा. वरील सर्व आज आईसमोर बसून वाचले. कलम सहा मला मान्य नाही. तरी तपासणीच्या कागदावर सही मी करीन. ती दुसऱ्या कोणी करू नये. आईला आत नेतील तेव्हा दाराशी मी थांबेन. (सही)