‘वापर’ या शब्दाची व्याख्या

३ ऑगस्ट
कुलसचिवांनी केबिनमध्ये बोलावलं. अभ्यासात मुलांनी एआय कुठे वापरायचं, कुठे नाही, याचे नियम करायला समिती नेमली आहे. अध्यक्ष मी! ते म्हणाले, दुसरं कोणी तयारच होईना. ही त्यांची बोलायची पद्धत. इतिहास विभागात एवढी वर्षं काढली ती काय उगाच?

आठवडाभरात नियमावली. एकच पान, सुटसुटीत. बाकीची विद्यापीठं मागून घेऊन जातील.

बायकोला सांगायला तिच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. ती कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळत होती. मान वर न करता म्हणाली, पण तुला ते वापरता येतं का? म्हटलं, अध्यक्षाला तटस्थ राहावं लागतं.

९ ऑगस्ट
पहिली बैठक. संगणकाच्या मॅडम, ग्रंथपाल आणि मी. गणिताचे सर समितीत आहेत, बैठकीत नव्हते.

मॅडम म्हणाल्या, सरसकट बंदी टिकणार नाही. कोर्सप्रमाणे ठरवा: कुठे चालेल, कुठे सांगून वापरलं तर चालेल, कुठे अजिबात नाही. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘संपूर्ण बंदीवर एकमत.’ मॅडमनी ते खोडायला लावलं. बारीक लक्ष आहे बाईंचं. त्रासदायक गुण.

मग ‘वापर’ या शब्दाची व्याख्या. मोबाइल आपणहून पुढचा शब्द सुचवतो, तो वापर का? शुद्धलेखन तपासून घेतलं तर? ग्रंथपालांनी एकदाच तोंड उघडलं. विचारलं, चहा येणार आहे का? व्याख्या पुढच्या बैठकीत.

२० ऑगस्ट
व्याख्या पुढच्या बैठकीत. नियमावली जरा फुगली आहे, पण महत्त्वाच्या गोष्टी फुगतातच.

आनंदाची बातमी म्हणजे चोर पकडायचं सॉफ्टवेअर मिळालं. त्यात निबंध टाकला की मशीनने किती टक्के लिहिलाय ते सांगतं. मॅडम म्हणाल्या, त्याच्यावर विसंबू नका, ते अंदाज मारतं. मत्सर. यंत्राची लबाडी यंत्रालाच कळणार.

संकल्प: रोज सकाळी फिरायला जाणे. (सोमवारपासून.)

२८ ऑगस्ट
सापडली!

दुसऱ्या बाकावर बसते ती मुलगी. वर्गात कधी तोंड उघडत नाही. विषय दिला होता, ‘माझ्या गावातला एक बदल.’ हिने बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यावर लिहिलंय. वडील तिथे भट्टीवर होते म्हणे. एक वाक्य असं: ‘भट्टी विझली आणि बाबांना भर उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली.’

या वयात असं वाक्य कोण लिहितं? मला या वयात जमत नाही. सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. सत्त्याण्णव टक्के मशीन. शून्य दिलं. दाराबाहेर गुणांची यादी लावली.

रात्रीच्या जेवणाला बायकोला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने घास खाली ठेवला. म्हणाली, हे मशीनचं? म्हटलं, सत्त्याण्णव टक्के. ती म्हणाली, मग उरलेले तीन टक्के कुठे आहेत ते शोध. बायकांना टक्केवारी कळत नाही. (दुकानाचा हिशोब तीच बघते, पण ते वेगळं.)

३० ऑगस्ट
मुलगी भेटायला आली. उभीच राहिली. म्हणाली, सर, मी लिहिलंय. सगळं. महिना गेला लिहायला. मी प्रेमाने विचारलं, ते भट्टीचं वाक्य कुठून आणलंस? म्हणाली, ते आईचं आहे सर. आई शेजारणीला सांगत होती, मी ऐकलं.

म्हणजे आईचं वाक्य! आणि तळटीप नाही! मी समजावून सांगितलं, की हेही वाङ्मयचौर्यच. तिने विचारलं, आईचा संदर्भ कसा द्यायचा सर? प्रश्न चांगला आहे. नियमावलीत घालायला हवा.

५ सप्टेंबर
मॅडमचा उद्धटपणा. नियमावलीची प्रस्तावना मी स्वतः, पेनने, घाम गाळून लिहिली होती. बाईंनी भर बैठकीत ती सॉफ्टवेअरमध्ये टाकली. चौऱ्याण्णव टक्के मशीन. ग्रंथपाल हसले. त्यांना हसता येतं हे आजच कळलं.

यातून एवढंच सिद्ध होतं की मशीन माझ्यासारख्यांचं वाचून शिकलंय. तरी धोका नको. संध्याकाळी बसून प्रस्तावना दुरुस्त केली. दोन-तीन वाक्यं मोडली, एक क्रियापद चुकवलं, ‘तथापि’ काढून ‘पण तरी सुद्धा पण’ घातलं. टक्के उतरले. बायको म्हणाली, आता हे वाचवत नाही. म्हटलं, तेच तर हवंय.

१४ सप्टेंबर
मुलीने अर्ज केला होता, म्हणून सुनावणी. मॅडम म्हणाल्या, तिच्याशी निबंधावर नुसत्या गप्पा मारू, कळेल. मी म्हटलं, गप्पा पुरावा होत नाहीत. इथेच, आमच्यासमोर, एक परिच्छेद लिहून दाखव. आम्ही चौघं टेबलाच्या या बाजूला. (गणिताचे सरही आले होते. तमाशा म्हटला की येतात.) ती त्या बाजूला.

पेन उचललं. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, खोडली. कान लाल झाले होते. शेवटी म्हणाली, असं नाही येत सर. घड्याळाकडे बघत मी म्हटलं, ठीक आहे.

यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता? मॅडम ताडकन उठल्या. म्हणाल्या, चार जण डोक्यावर बसल्यावर तुम्हाला तरी लिहिता येईल का? समितीचा राजीनामा तिथेच टेबलावर. बरंच झालं. आता कामाला वेग येईल.

३ ऑक्टोबर
वेग आला नाही. संगणकातलं कळणारं कोणी उरलं नाही.

पण नियमांचा मसुदा वर्गात वाचून दाखवला होता, त्याचा परिणाम दिसतोय! या वेळच्या निबंधांत चुकाच चुका. मोडकी वाक्यं, मध्येच विषय सोडणं. मन भरून आलं. माणूस परत आला! सगळ्यात सुंदर निबंध टोपीवाल्याचा, म्हणजे शेवटच्या बाकावर उलटी टोपी घालून झोपतो त्याचा. मशीन अवघं चार टक्के. सुरुवातच अशी: ‘बदल हा बदलत असतो असं मला वाटतं पण माहीत नाही.’ केवढा प्रामाणिकपणा! वर्गात मोठ्याने वाचला. म्हटलं, याला म्हणतात माणसाचा हात. वर्ग खो खो हसला. मुलांना इतिहासात एवढा रस घेताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या बाकावर आज कोणी नव्हतं.

३ ऑक्टोबर
टोपीवाला केबिनच्या दारात. म्हणाला, सर, नियमात आहे ना, स्वतःहून कबूल केलं तर शिक्षा माफ? म्हटलं, हो, चौदावा नियम, मीच घातलाय. मग त्याने मोकळेपणाने सांगितलं. मशीनला म्हणाला होता, जरा मठ्ठ मुलासारखं लिही, सरांना आवडतं. सगळेच असं करतात सर, तो म्हणाला. वर, थँक्यू सर.

नियमाप्रमाणे माफ केलं. सॉफ्टवेअर बंद करून ठेवलं. फिरायला गेलो नाही.

११ नोव्हेंबर
नियमावली विद्यापरिषदेत मांडली. दुपारच्या जेवणाआधी शेवटचा विषय. सगळ्यांच्या नजरा दाराकडे. कुलसचिव म्हणाले, थोडक्यात सांगा. मी पान उलटेपर्यंत ठराव झालाही: ‘प्रत्येक शिक्षकाने आपापल्या विवेकानुसार ठरवावे. विद्यार्थ्याने वापर केल्यास तसे नमूद करावे.’ ‘वापर’ची व्याख्या नाही. हे मॅडमचंच म्हणणं, फक्त त्यातला विचार काढून.

तरी ठरावाच्या खाली अध्यक्ष म्हणून माझं पद छापलंय. नाव राहून गेलं.

१५ नोव्हेंबर
विवेक वापरायचा ठरवलं. मुलीचं शून्य रद्द करतो, नवा निबंध दे, असं सांगायला स्वतः गेलो. ती जिन्यात भेटली. वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. नुसतं म्हणाली, बरं सर. मी म्हटलं, तसंच लिही, पहिल्यासारखं. ती म्हणाली, कधीपर्यंत हवाय?

१६ नोव्हेंबर
सकाळी दहालाच निबंध आलासुद्धा. एका रात्रीत. चार पानं, एकही चूक नाही. ‘औद्योगिक बदल ही बहुआयामी प्रक्रिया असून तिचे सामाजिक परिणाम दूरगामी असतात.’ वडील कुठेच नाहीत. आईही नाही. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलंय: ‘एआयचा वापर केला आहे.’ नियमाला धरून.

पास केलं. चांगले गुण दिले. निबंध पुन्हा वाचला नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, त्या काचेच्या कारखान्यावाल्या मुलीचं काय झालं?

म्हटलं, सुधारली.