कोंडवाड्यातील घोड्यास ‘कट’ म्हणू देण्याबाबत

प्रति,
मा. कोंडवाडा अधीक्षक,
नगरपालिका कोंडवाडा,
धान्यबाजारामागे.

विषय: मृत म्हणून नोंदलेला घोडा जिवंत असल्याबाबत, व त्यास उठवण्यासाठी अर्जदारास क्षणभर आत सोडण्याबाबत.

संदर्भ: मेलेले जनावर उचलण्यास आज दुपारी गाडी येणार असल्याची फाटकावर डकवलेली आपली सूचना.

महोदय,

१. अर्जदार हा घोडेवाला असून त्याचा मेहुणा सिनेमे काढतो. रुंद टोप्या, पिस्तुले, लाकडी फळ्यांचे गाव आणि शेवटी धुळीत समोरासमोर गोळीबार, अशा धर्तीचे. फळ्यांमागे घरे नसतात व मेहुण्याच्या खिशात काही नसते. अशा सिनेमास दोन घोडे लागतात, एक नायकाचा व एक खलनायकाचा. आमच्याकडे एकच आहे. तो वयस्क असून घरात सर्वजण त्यास तात्या म्हणतात. सबब त्याचे डावे अंग मूळचे तपकिरी ठेवून उजव्या अंगावर पांढरे ठिपके रंगवले जातात. डावीकडून तो नायकाचा, उजवीकडून खलनायकाचा. यामुळे पडद्यावर नायक सदैव डावीकडे व खलनायक सदैव उजवीकडे दौडतो, आणि आमच्या सिनेमांत पाठलाग कधीच होत नाही, थेट सामनाच होतो. प्रेक्षकांनी आजवर तक्रार केलेली नाही.

२. चहाच्या सुट्टीत तात्या फिरत फिरत हमरस्त्यावर गेला व आपल्या माणसांनी त्यास येथे आणले. संध्याकाळच्या कारकुनांनी त्यास डावीकडून पाहून तपकिरी घोडा लिहिला. सकाळचे कारकून दुसऱ्या दाराने आले, त्यांनी ठिपक्यांचा घोडा लिहिला. त्याला वळसा घालून पाहण्याचे कष्ट कोणीही घेतले नाहीत. अर्जदार घोडा सोडवण्यास आला तेव्हा कोणता, असे विचारण्यात आले. दोन्ही माझेच, असे सांगितल्यावर दोघांचे वेगवेगळे दाखले मागण्यात आले. एकच आहे, असे सांगितल्यावर मग दुसरा कुठे पळवलास, असे दरडावण्यात आले. तेव्हापासून अर्जदारास फाटकाच्या आत पाऊल टाकण्यास मनाई आहे.

३. आता खरी गोष्ट, महोदय. आज सकाळी आवारात आपल्या गाडीचा टायर मोठ्याने फुटला. तात्याला लहानपणापासून शिकवले आहे की गोळी सुटली की धाडकन डाव्या कुशीवर पडायचे, जीभ बाहेर काढायची आणि ‘कट’ ऐकू येईपर्यंत हलायचे नाही. तो पडला. ठिपके वर आले. कार्यालयाने ठिपक्यांचा मेला व तपकिरी फरार, असे ठरवून टाकले. पशुवैद्य रजेवर असल्याने चौकीदारांनी लांबूनच पाहून खात्री केली.

४. तो मेलेला नाही. अर्जदाराने फाटकाच्या गजांतून स्वतः पाहिले, माशी बसली तेव्हा त्याचा कान हलला. चौकीदारदादा म्हणाले, “वाऱ्याने हलतो रे, घरी जा.” अर्जदार त्यांच्या हातापाया पडला. बाहेरूनच ‘कट, कट’ असे घसा फुटेपर्यंत ओरडला. त्याने दोन गायी उठून उभ्या राहिल्या, पण तात्या उठला नाही. इतक्या वर्षांच्या गोळीबाराने तो जरा बहिरा झाला आहे. टायर ऐकू येतो, माणूस येत नाही. मागे एकदा मेहुणा ‘कट’ म्हणायचे विसरून जेवायला गेला होता. परत आला तेव्हा तात्या भर उन्हात तसाच पडून होता. गाडीत घातले तरी तो हूं की चूं करणार नाही, महोदय. खड्ड्यात ठेवून माती लोटली तरी तो आपले काम चोख करीत राहील. ही खोड त्याला अर्जदारानेच लावली आहे. तेव्हा ती स्वतःची हुशारी वाटे, आज जीव टांगणीला लागला आहे.

५. तरी अर्जदार लिहून देतो की तपकिरी घोडा त्यानेच पळवला. काय शिक्षा असेल ती तो भोगील. ठिपक्यांच्या घोड्यावर त्याचा कसलाही हक्क नाही. तो आपण ठेवावा, लिलावात विकावा, कोणालाही द्यावा, अर्जदार पुन्हा या रस्त्याला फिरकणार नाही. फक्त गाडी येण्यापूर्वी एकदा आत सोडावे.

६. तेही नियमात बसत नसल्यास आपण स्वतः जावे, ही कळकळीची विनंती. वर असलेल्या उजव्या कानाशी वाकावे, मानेवर थोपटावे आणि मोठ्याने ‘कट’ म्हणावे. जमल्यास पुढे ‘तात्या’ असेही म्हणावे. तो गरीब आहे, लाथ मारणार नाही. कोणी सांगेल म्हणून वाट पाहत पडला आहे.

आपल्या फाटकाबाहेरच उभा असलेला,
नम्र अर्जदार
(सही)

दिनांक: आजचाच. गाडी कोपऱ्यावर वळताना दिसते आहे.

सोबत:
१) तात्याचा डावीकडून फोटो.
२) तात्याचा उजवीकडून फोटो.
३) गाजर, एक. उठल्यावर द्यावे.